भिलाईची डॅनिश खुर्ची आणि माझा चुकलेला शेरा

मी नागपुरात जुनं फर्निचर दुरुस्त करते. गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका गिऱ्हाइकाकडे जुनी डॅनिश खुर्ची पाहिली. गोलसर पाठ, तेच लाकूड पुढे वळून हात झालेलं, वेताची बैठक. पाठीलाही वेताच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. सोबतच्या कागदात लिहिलं होतं की अगदी सुरुवातीच्या खुर्च्यांची पाठ अशीच झाकलेली असे, कारण आतला सांधा साधा होता. पुढे कारागिरांनी देखणा नागमोडी सांधा बसवला आणि मग तो उघडा ठेवू लागले.

तो कागद मी दोनदा वाचला. हुबेहूब अशी खुर्ची भिलाईला माझ्या देवरावकाकांकडे होती. अकरा वर्षांपूर्वी फोटो पाहून मीच त्यांना फोनवर ठणकावून सांगितलं होतं, "काका, नक्कल आहे ही. खऱ्या खुर्चीचा सांधा दिसतो. इथं मोडलेलं झाकलंय." तेव्हा मला हे काम शिकून जेमतेम वर्ष झालं होतं. आता ही चूकही फोनवरच सांगायची नव्हती. मी सरळ तिकीट काढलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते: सकाळची गाडी धरा, दुपारच्या जेवणाला पोचता. गोंदियानंतर जंगल लागतं, डोंगरगड आलं की खिडकी सोडू नका. भिलाईशेजारच्या दुर्गला उतरून काकांच्या हुडको वसाहतीपर्यंत रिक्षा केली, दोनशेत. वाटेत टपरीवर गरम चीला, म्हणजे तांदळाचं धिरडं, आणि टमाटरची चटणी खाल्ली. चव आठवत नाही, मनात सारखी खुर्चीच होती.

काका स्टील प्लांटमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. आता पंच्याहत्तरी उलटली आहे. दार त्यांनीच उघडलं.

"अवं, तू कावून आली अचानक?"

"खुर्ची पाहायला."

"कोणती? थे नकली? मागं आहे, गॅलरीत."

खुर्चीवर कढीपत्त्याची कुंडी होती. बैठकीचा वेत पाण्यानं कुजून फाटला होता. पाठीच्या पट्ट्या गळून गेल्या होत्या, त्यामुळे मला काही सोलावं लागलं नाही. सांधा समोरच होता: साधा, सरळ, नागमोड नसलेला. मोडलेलं काहीच नव्हतं. खुर्ची उलटी केली. बैठकीच्या पट्टीखाली कारखान्याचा शिक्का लाकडात भाजून उमटवलेला, बोटाला लागत होता.

"काका, ही खरी आहे. पहिल्या पहिल्या खुर्च्यांमधली. मी चुकले."

काकू चहा ठेवून गेल्या.

"येन्सनं दिली होती मले," ते म्हणाले. प्लांटमध्ये लागण्याआधी काका भिलाईतल्याच एका कारखान्यात होते. तिथं मशीन बसवायला आलेला हा डॅनिश इंजिनियर. दोघं दोन वर्षं एका पाळीत राबले. "जाताना म्हणे, माझ्या आईच्या लग्नातली आहे, तुले ठेव. तू नकली म्हणली, तं मले वाटलं, यानं मले बनवलं. आईचं नाव घेऊन बनवलं."

"तुम्ही त्यांना विचारलं नाही?"

"काय विचारू? दरसाल नव्या वर्षाची चिठ्ठी यायची त्याची. मी बी टाकत होतो. तुझ्या फोननंतर नाही टाकली. त्याच्या अजून दोन आल्या. मंग बंद झाल्या."

मला हे माहीतच नव्हतं. मी फक्त एका खुर्चीवर शेरा मारला होता.

दुसऱ्या दिवशी काका आणि मी खुर्ची घेऊन निघालो; भिलाईतल्याच खुर्सीपार भागात वेत विणणारे एक म्हातारे गृहस्थ सापडले. त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला. "लकडी तो बढ़िया है। धूप में किसने रखा?" काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मैंने," ते म्हणाले.

संध्याकाळी काकांनी येन्ससाठी चिठ्ठी सांगितली, मी इंग्रजीत लिहिली आणि त्याच्या जुन्या चिठ्ठीवरचा पत्ता घातला. माझी चूकही लिहिली. सेक्टर १० मध्ये एका ओळखीच्यांकडे जायचं होतं, तिथल्याच टपालपेटीत काकांनी ती स्वतः टाकली. परतताना रुंद, झाडांनी झाकलेल्या रस्त्यावर ते म्हणाले, "त्याले हे रस्ते लय आवडत."

भिलाईला थंडीत जा. उन्हाळ्यात हाल होतात. जुनी वस्तू दिसली तर फोटोवरून काही बोलू नका; हात लावा, उलटी करून पाहा. आणि ती कोणी दिली, हे आधी विचारा. माझ्या कामात हे सगळ्यात शेवटी विचारतात.

नागपुरात परतल्यावर दोन महिन्यांनी मला ईमेल आला. चिठ्ठीत माझा ईमेलचा पत्ता दिला होता. येन्सच्या मुलीनं लिहिलं होतं: बाबा चार वर्षांपूर्वी गेले. खुर्ची आजीचीच. तुमच्या काकांचं नाव आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी काकांना फोन लावून वाचून दाखवलं. पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"चार वर्षं?"

"हो, काका."

"म्हणजे सात वर्षं होता तो. मी चिठ्ठी टाकली असती तं त्याले भेटली असती."

त्यांनी फोन ठेवला नाही, मीही नाही.