ज्याने सगळ्यांची नावं बदलली

"सांगा बाई, काय चुकलं?" असं म्हणत तो आपली खुर्ची समोरच्याला द्यायचा आणि स्वतः मागे हाताची घडी घालून उभा राहायचा. मग एक शब्द बोलायचा नाही. माउसवरचा तुमचा हात कुठे अडखळतो, डोळे काय शोधतात, कपाळाला आठी कधी पडते, तेवढंच बघायचा. तुम्ही उठलात की वही पुढे करायचा. "लिहून द्या. तोंडी सांगितलेलं मी विसरतो."

मागच्या आठवड्यात तुमच्या बाबांनी फोनवर याच माणसाचा किस्सा तुम्हाला सांगितला. बीडचा तो येडा, ज्याच्या वेबसाइटवर अख्ख्या गावाची नावं उलटसुलट झाली आणि शुद्ध शाकाहारी आजीच्या नावाखाली कोंबडीच्या हंडीची पाककृती निघाली! तुम्ही तिघंही हसलात. मी फोन ठेवून दिला. मला राग आला होता आणि तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे. नातवंडांनो, मराठी वाचायचा कंटाळा आला तरी शेवटपर्यंत वाचा.

त्या वर्षांत आमच्याकडे एसटीडी बूथच्या जागी नेट कॅफे येत होते. त्याचाही आधी बूथच होता, आपल्या घरापासून तिसऱ्या गल्लीत. फोनचं काचेचं खोकं काढून त्याने तिथे तीन कॉम्प्युटर मांडले. तुमचे बाबा नुकतेच अमेरिकेला गेले होते आणि मी शाळेतून निवृत्त झाले होते. दर सोमवारी आणि गुरुवारी अकरा वाजता मी तिथे ईमेल लिहायला जायची.

हा तिशीचा, पॉलिटेक्निक झालेला, बारीक अंगाचा माणूस. शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेनं. त्याच्या लक्षात आलं की लोक तेच तेच पत्ते पुन्हा पुन्हा विचारतात. बारावीचा निकाल कुठे लागतो? पोलीस भरतीचा अर्ज कुठे आहे? सातबाऱ्याची माहिती कुठल्या पानावर? मग त्याने पुस्तकं आणून, स्वतः शिकून एक साइट बनवली. तिचं नाव खूणगाठ. कुणालाही एखादं पान उपयोगी वाटलं की त्याने त्याचा पत्ता खूण म्हणून तिथे ठेवायचा, वर शेती, नोकरी, आजार, शिक्षण अशी चिठ्ठी लावायची. दुसऱ्याला ते आयतं सापडायचं. बायका लक्षात राहावं म्हणून पदराला गाठ मारतात, तशी ही गावाची गाठ.

मी तुमच्या बाबांना ते कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. "आई, इकडे असं आधीच आहे." मी त्याला ते सांगितलं तर त्याचा चेहरा खुलला. "म्हंजे आपलं बरोबर चाललंय की!"

वहीत लोकांनी काय काय लिहिलं होतं! गेवराईच्या एका गृहस्थाने लिहिलं, अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. आठ दिवस खपून त्याने ते नीट केलं. एकाने लिहिलं, वर गणपतीचा फोटो आहे तो उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. त्याने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तिघांनी लिहिलं, गणपती का काढला? मग त्याने नखाएवढा गणपती बसवला. प्रत्येक सूचनेपुढे हिरव्या शाईने एकच शब्द असायचा, 'केलं'.

मला त्याच्या या स्वभावाची चीड यायची. "अरे, प्रत्येकाचं ऐकतोस काय? तुला स्वतःचं काही मत?"

"माझं मत हायच, बाई. पण वापरणार तुमी."

आणि तरीही, एका सोमवारी त्याने माझ्यापुढे वही धरली तेव्हा मी लिहिलंच. माझ्या सुवाच्य अक्षरात, क्रमांक घालून. एक: प्रत्येक खुणेखाली ठेवणाऱ्याचे पूर्ण नाव व गाव असावे. दोन: एका व्यक्तीने ठेवलेल्या सर्व खुणा एका पानावर तारीखवार दिसाव्यात.

तोवर त्याच्याकडे टोपणनावं चालत होती. 'मोगरा', 'टायगर', 'शेतकरीपुत्र'. मला तो पोरखेळ वाटायचा.

त्याने वाचलं आणि पेन कानामागे अडकवलं. "बाई, पोरी येत्यात हितं. त्यांना नको वाटंल."

"ज्याला नाव सांगायची लाज वाटते त्याने काही ठेवूच नये," मी म्हणाले. पस्तीस वर्षं वर्गात बोलत होते त्याच आवाजात.

गुरुवारी गेले तर माझ्या दोन्ही सूचनांपुढे हिरवी शाई होती.

त्यानंतर साइट अशी चालली की विचारू नका. आपल्याकडे बसमध्ये शेजारी बसलेला माणूससुद्धा आधी विचारतो, "कुणाचे तुमी?" पानाखाली नाव दिसायला लागल्यावर लोकांना भरवसा वाटला. डॉक्टरांनी ठेवलंय ना, मग बघायला हरकत नाही. पुढाऱ्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी माणसं बसवून आपापल्या नावाने खुणा ठेवून घेतल्या. कुणाच्या नावाखाली किती, यावर चहाच्या टपरीवर पैजा लागायच्या. मांजरसुंब्याच्या ढाबेवाल्याने तर स्वतःचं नाव साइटवर आहे असा बोर्डच लावला. मी खूश होते. माझ्या सूचनेने एका कामाला शिस्त आली, असं मी तुमच्या बाबांना लिहिलंसुद्धा.

माझी एक विद्यार्थिनी होती, लिंबागणेशच्या वाटेवरच्या एका वस्तीवरची. बारावीला होती, हुशार आणि हट्टी. वडील नव्हते. चुलत्यांच्या शब्दावर घर चालायचं. चुलते म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ, पन्नास एकरांचे मालक, गावच्या राजकारणात वजन. त्यांनी तिचं लग्न ठरवलं होतं. परीक्षा द्यायचीही गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. ती कॉलेजच्या निमित्ताने बीडला यायची आणि कॅफेत अर्धा तास बसायची. तिच्या नावाखाली, तारीखवार, सगळ्यांना दिसेल असं, चार पत्ते जमले होते. नर्सिंगचे प्रवेश. पुण्यातली मुलींची वसतिगृहं. शिष्यवृत्ती. आणि लग्नासाठी मुलीच्या वयाची अट.

कुणीतरी ते पान छापून चुलत्यांच्या हातात दिलं.

बुधवारी ते कॅफेत आले. तेव्हा मी तिथे नव्हते. गुरुवारी अकराला गेले तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं. चुलत्यांनी कागद टेबलावर आपटला होता. "ही आमची पोरगी हाय का न्हाई? तेवढंच सांग." हा म्हणाला होता, "साहेब, साइटवर आठ दिवस झाले नावांचा घोळ चाललाय. तपासून सांगतो. उद्या दुपारी या." मुलीला तोवर घरात कोंडलं होतं. परीक्षा बारा दिवसांवर होती.

मी त्याच्यावर ओरडले. भर दुकानात. "तू माझं ऐकलंस कशाला? नको म्हणत होतास ना? मग नको म्हणून अडून का नाही बसलास?"

तो म्हणाला, "तुमचा एकटीचा दोष न्हाई, बाई. नावानं लोक वाढले. मलाबी बरं वाटलं."

"आता काय करणार? ते पान काढून टाक."

"काढलं तर म्हणतील, लपवलं. म्हंजे खरंच होतं." त्याने दोन्ही पेनं खिशातून काढली, पुन्हा ठेवली. "एकट्या तिचंच नाव चुकलं म्हटलं तर कोण मानंल? सगळ्यांचीच चुकायला पायजेत."

मला समजायला वेळ लागला. जी साइट त्याने एकेक सूचना पाळून वर्षभर नीट केली होती, ती तो स्वतःच्या हाताने बिघडवणार होता. दार ओढून घेऊन तो बसला आणि दोन तासांत त्याने सगळ्या नावांची अदलाबदल केली. शेकडो लोकांची. मी शेजारी बसून होते.

"तुमच्या नावाखाली कायतरी वंगाळ टाकतो, बाई. न्हाईतर लोक म्हणतील, बाईंचं तेवढं कावून बरोबर? रागावू नका. आणि कुणाला सांगू नका. त्या पोरीलाबी न्हाई. तिला ठावं असलं तर तिच्या तोंडावर दिसंल."

चुलते तीन वाजता आले, बरोबर दोन माणसं. त्याने खुर्ची दिली. "साहेब, आधी तुमचं सोताचं नाव बघा."

चुलत्यांच्या नावाखाली ऊस आणि ठिबक सिंचन असायचं. आता तिथे होतं, टकलावर केस उगवण्याचे उपाय. त्याखाली, आठ दिवसांत पोट कमी करा. त्याखाली नट्यांचे फोटो. एक माणूस फिसकन हसला. चुलत्यांनी डोक्यावरची टोपी घट्ट केली.

"आणि हे?" त्यांनी खिशातला कागद काढला.

"त्योच घोळ. कुण्या दुसऱ्याचं तुमच्या पोरीच्या नावावर पडलं. माझी साइटच खोटी हाय, साहेब."

चुलत्यांनी कागद फाडला. मग उठून त्याच्या थोबाडीत मारली. आवाज अजून माझ्या कानात आहे. "बे, लोकांच्या घरात आग लावतो व्हय?"

"चुकलं माझं, साहेब," तो म्हणाला.

मी दोन हातांवरच्या खुर्चीत बसले होते. गावात मला मान होता. त्या माणसाची दोन मुलं माझ्या हाताखालून गेली होती. मी उभी राहून एक शब्द बोलले असते तर त्याचा हात खाली आला असता. पण बोलले असते तर सगळंच बाहेर आलं असतं. असं मी मनाशी म्हणाले. खरं सांगायचं तर माझी जीभच उचलली नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिले, एखाद्या आज्ञाधारक विद्यार्थिनीसारखी.

पुढचे आठ दिवस सगळं गाव त्याच्या दारात होतं. डॉक्टरांच्या नावाखाली लॉटरी निघाली होती, कीर्तनकारांच्या नावाखाली मोटरसायकली. सगळ्यांना आपली नावं परत हवी होती. ज्याने सहा महिन्यांत काडीचीही खूण ठेवली नव्हती, तोही येऊन शिव्या देत होता. आमच्या लिंगायत समाजाच्या दोन बायका घरी येऊन मला हळूच विचारून गेल्या, "कोंबडीचं खरं नाही ना, बाई?" वहीत काय लिहिलं गेलं ते मी इथे लिहू शकत नाही. त्याने एकाही सूचनेपुढे काही लिहिलं नाही. महिन्याभरात साइट बंद झाली, नंतर कॅफेही. एके दिवशी शटरला कुलूप होतं. मला न सांगता गेला.

मुलगी परीक्षेला बसली. निकालानंतर आईने तिला मामाकडे पुण्याला पोचवलं आणि मग चुलत्यांना कळवलं. ती नर्स झाली. आता मोठ्या हुद्द्यावर आहे. चुलते वारलेत, म्हणून आज लिहिता येतंय.

तुमच्या फोननंतर चार दिवसांनी ती मला भेटायला आली होती. चहा घेताना जुन्या गोष्टी निघाल्या. "नशीब बघा, बाई," ती म्हणाली, "नेमकी तवाच त्याची साइट बिघडली. न्हाईतर माझं काही खरं नव्हतं."

नशीब! मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. माझ्या दोन सूचना, ते दोन तास, ती थोबाडीत, माझं गप्प बसणं. तिने कप खाली ठेवला. मग विचारलं, "कुठं हायत ते आता?"

कुणी म्हणतं नाशिक, कुणी म्हणतं हैदराबाद. मी एवढ्या वर्षांत शोधलं नव्हतं.

तिने मोबाइल काढला. मी त्याचं पूर्ण नाव सांगितलं, तिने ते टाकलं. त्या नावाचे कितीतरी जण निघाले. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि एकेक फोटो मोठा करून दाखवू लागली.

"हे?"

"नाही."

"मग हे?"

मी चष्मा पुसला, पुन्हा घातला, नीट पाहिलं.

"नाही."