सतरा नंबरची बाटली

संशयाला औषध नसतं म्हणतात. मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो, औषधांचं कपाट हाताशी होतं, पण माझ्या संशयावर त्यातलं एकही कधी लागू पडलं नाही. आई म्हणायची, हे पोरगं दिलेलं पाणीसुद्धा उजेडात धरून पितं. खोटं नव्हतं ते. पण ज्याच्या ओंजळीत लहानपणी पाणी नेहमी वरूनच पडलं, तो तांब्या धरणाऱ्याच्या हाताकडे बघणारच.

ही गोष्ट नसबंदीच्या धाकाच्या दिवसांतली. जालना जिल्हा अजून व्हायचा होता, आमचे कागद औरंगाबादला जायचे. माझी नेमणूक जाफराबादला होती. आमचे डॉक्टरसाहेब सांगलीकडचे, बोलायला मऊ पण कामाला नेमके. टेंभुर्णीच्या रस्त्यावरच्या तीन गावांतली चाळीसेक गाई-म्हशी आणि त्यांची वासरं त्यांनी निवडली होती. दर पंधरवड्याला त्याच जनावरांचं शेण आणायचं, ते भिंगाखाली बघायचं, जंतांची अंडी किती वाढली, किती घटली ते लिहायचं. आणायचं काम माझं. सायकलला पिशवी, पिशवीत पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्या, बाटलीवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर जनावराचा नंबर. शेण जमिनीवरून उचलायचं नाही, गोठ्यात स्वतः उभं राहून जनावराचं ताजं घ्यायचं, अशी सक्त ताकीद होती. नोंदवहीत त्यासाठी वेगळा रकानाच होता. 'स्वतः घेतले काय?' असा.

गावात मला 'शेणाचा डाक्टर' म्हणायचे. आधी हसले, मग घाबरले. सरकारला शेण कशाला पाहिजे, हे कोणाच्याच डोक्यात शिरेना. कोणी म्हणे, लेव्हीत ज्वारी नेली, आता शेणावरून दुधाचा अंदाज काढून दूध नेणार. एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की माणसांचं उरकलं, आता रेड्यांचा नंबर लागला का. मी त्यांना जंत समजावून सांगायचो, ते मान हलवायचे, आणि मी वळलो की एकमेकांकडे बघायचे. ते मला दिसायचं. मला सगळं दिसायचं, तेच तर माझं दुखणं होतं.

दुसऱ्या फेरीत 'गाव कोणतं, आडनाव काय' ही चौकशी झाली. छप्पन्न साली माझ्या वडिलांनी धम्म घेतला आणि गावची मेलेली जनावरं ओढणं त्या दिवसापासून सोडलं. आडनाव मात्र तेच राहिलं, आणि तेवढं सांगितलं की काम भागतं. 'डाक्टर' म्हणणं कोणी सोडलं नाही. फक्त चहाचा कप बदलला. एका घरी दांडी तुटलेला कप तीन फेऱ्या मलाच आला. गोठ्यात येऊ का म्हटलं की, "कशाला तरास घेता, आम्हीच आणून देतो की." बहुतेक घरांतून शेण बाहेरच आणून मिळायला लागलं. मी रकान्यात 'होय' लिहीत गेलो. 'नाही' लिहिलं असतं तर का नाही ते साहेबांना सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्या तोंडून निघणार नव्हतं.

सतरा नंबर ही त्या चौकशीनंतर यादीत आलेली एक वगार होती, म्हशीचं मादी पारडू, पंचवीसेक दिवसांची. घर एका शेतकरी बाईचं. नवरा जालन्याला जिनिंगवर कामाला, आठ-पंधरा दिवसांनी यायचा. शेत, घर, म्हैस सगळं तिच्यावर. म्हैस चांगली दुधाची, दूध टेंभुर्णीच्या हॉटेलात जायचं. पण मागच्या दोन्ही वेतांची पारडी दुसऱ्या महिन्यात गेली होती. पोट फुगायचं, शेण पांढरट व्हायचं, आणि आठवड्याभरात संपायचं. पारडू मेलं की म्हैस पान्हा चोरायची आणि आटायची. बाईच्या नवऱ्यानं सांगून ठेवलं होतं, ह्या खेपेला पारडू गेलं तर म्हैस बाजारात. हे सगळं तिनं मला पहिल्याच दिवशी दारात उभं राहून सांगितलं आणि म्हणाली, "आता ही वगार जगली पाह्यजे, डाक्टर. बाकी मला काई न्हाई पाह्यजे."

मग आत गेली, आणि पळसाच्या पानावर शेण घेऊन आली. पान माझ्या हातात दिलं नाही. ओट्याच्या कडेला ठेवलं आणि दोन पावलं मागं सरली. तिच्या गोठ्याच्या दारावर बिबा आणि फाटकी वहाण टांगलेली होती. दार आतून ओढून घेतलेलं होतं. ती दोन पावलं मी शाळेत मोजली होती, किराणा दुकानापुढं मोजली होती. जीव वाचवायला आलेल्या माणसाला तुम्ही गोठ्यात घेत नाही, आणि वर वगार जगली पाहिजे म्हणता! अंगाची लाही झाली. शेणाकडे नीट न बघताच बाटली भरली आणि निघालो.

साहेबांनी भिंगातून बराच वेळ बघितलं. अंडं एकही नव्हतं. त्यांना ते पटेना. दोन पारडी अशीच गेलेली, तिसऱ्याच्या शेणात काहीच कसं नाही? म्हशीच्या दुधातूनच हे जंत पारडात उतरतात, असं ते मला समजावत होते. मग त्यांनी विचारलं, तूच घेतलंस ना हे? मी हो म्हणालो. औषध मोजकंच यायचं, त्यामुळे अंडी दिसतील त्याच जनावराला पाजायचा नियम होता. सतरा नंबरपुढं त्यांनी फुली मारली, म्हणजे औषध नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पळसाचं पान, ओट्याची कड, दोन पावलं. ह्या वेळी मी काडीनं शेण नीट उकललं. त्यात कडब्याचे तुकडे होते, चांगले बोटभर लांब. दुधावरच्या पारडाचं शेण पिवळट, चिकट, आंबूस वासाचं असतं. हे बैलाचं होतं. दवाखान्यात सहा महिने काढलेल्या कोणालाही ते कळलं असतं, मला तर काडी लावल्याबरोबर कळलं. मी वर बघितलं. बाई माझ्या हाताकडे बघत होती, पदर दातात धरून.

मला एवढंच म्हणायचं होतं की हे वगारीचं नाही. तीन शब्दांचं काम. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. मला आत घ्यावं लागू नये म्हणून ही बैलाचं शेण देते. सरकारलाही फसवते आणि मलाही. ठीक आहे. फसव. तुझी वगार, तुझं नशीब. मरू दे, असं माझ्या मनात आलं. स्पष्ट आलं. मी बाटलीला बूच लावलं, सतरा नंबर नीट चिकटवला आणि रकान्यात 'होय' लिहिलं. साहेबांनी दुसरी फुली मारली.

तिच्याकडच्या तिसऱ्या फेरीला ती रस्त्यावरच उभी होती. हातात पान नव्हतं. "आत या, डाक्टर, जल्दी या," म्हणाली. माझा पहिला विचार काय असावा? मेलेलं ओढायला बोलावते की काय, हा. मी सायकल धरून तसाच उभा राहिलो. तिनं पुन्हा म्हटलं तेव्हा कुठं आत गेलो.

वगार कोपऱ्यात आडवी होती. पोट टम्म, पाय काड्या झालेले, डोळे खोल गेलेले. अंडी सापडलेल्या दुसऱ्या जनावरासाठी पिशवीत आणलेलं औषध मी तिला नळीनं पाजलं, पोट चोळलं, तिला उठवायचा प्रयत्न केला. बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तेवढ्यात शेजारची जाऊ भिंतीवरून डोकावली आणि येऊ का आत म्हणाली. बाईनं मान न उचलता हातानं नको म्हटलं. मी बाईकडे बघितलं तसं ती सांगायला लागली.

"कोनालाच आत न्हाई घेतलं. दोन पारडी नजरंनं गेली माझी. सासूनं सांगितल्तं, ह्या बारीला दोन म्हैने गोठ्यात परकं पाऊल नको, आन् वगारीचं शेण बाहीर नको, शेणासंगं जीव जातो. माझा सख्खा भाऊ आल्ता, त्यालाबी दारातूनच वाटंला लावलं. पान तुमच्या हातात न्हाई दिलं, ते त्याच्यासाठीच."

हे खरं की माझी समजूत काढायला रचलेलं, असा संशय मला तिथंही आला. पण जाऊ अजून भिंतीपलीकडेच उभी होती, आणि मी आत होतो.

दुपार कलायच्या आत वगारीनं पांढरट शेण टाकलं. त्यात शेवयांसारखे लांब जंत होते, काही वळवळणारे. मी बाटली काढून त्यातलं शेण घेतलं. सतरा नंबर. स्वतः घेतले काय, तर होय, आणि हा 'होय' पहिल्यांदा खरा होता. बूच लावेपर्यंत वगारीची मान बाईच्या मांडीवरून घसरली. म्हैस दावं ताणून एकसारखी हंबरत होती.

बाई रडली नाही. मला म्हणाली, "डाक्टर, एक इचारू का? तुमाला बैलाचं शेण वळखू न्हाई आलं का?"

मी बाटलीवरची चिकटपट्टी पुन्हा दाबून बसवली.

"मला वाटलं, तुमी शिकल्याले. चुकीचं आसलं तर बोलताल. दुसऱ्या बारीला तुमी काडीनं पाहून राह्यल्ते, तवा मी घाबरले, आता पकडलं म्हणून. तुमी बोलले आस्ते तर मी दिलं आस्तं वगारीचं, सासू काईबी म्हनू. तुमी न्हाई बोलले. मंग मला वाटलं, कोनाचंबी चालतं."

"न्हाई कळलं," मी म्हणालो.

"आसंल," ती म्हणाली. "नवे हायेत तुमी अजून." माझीच समजूत काढत होती.

माझे हात कोपरापर्यंत भरले होते. ती उठली, तांब्या भरून आणला आणि माझ्या हातांवर पाणी ओतायला लागली. हात धुवायला कोणालाही पाणी वरूनच ओततात, हे मला कळत होतं. तरी मी तांब्याकडेच बघत राहिलो. तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.