ठोंबांमधली वाट

आमच्या शेजारच्या माळीबुवांना सगळी गल्ली गोगलगाय म्हणायची, आणि त्यात गोगलगायीचा थोडा अपमानच होता. बुवा कप उचलून तोंडाशी नेईपर्यंत चहावर साय धरायची. क्रीडासंघाच्या मैदानावर हिरवळ राखण्यात त्यांनी उभा जन्म घालवला. हिरवळही कुठली, तर बारीक पात्याची, दाट, मखमली, आणि वाढायला महाआळशी. तिचे ठोंब, म्हणजे मुळांसकटचे झुबके, वीतवीत अंतरावर लावायचे आणि ते पसरून एकमेकांना भेटेपर्यंत दोन-तीन वर्षं वाट बघत बसायचं.

"गवत आणि आमचे हे, एकाच माळेचे मणी," वहिनी म्हणायच्या.

वहिनींचं दुखणं बरं होण्यातलं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे एकच मागणं केलं. "जन्मभर परक्यांच्या पायाखाली गालिचे घातलेत. आता एक माझ्यासाठी घाला. मला अनवाणी चालायचंय त्यावर."

"तयार हिरवळीच्या गुंडाळ्या मिळतात," मी म्हटलं. "आणा, पसरा. संध्याकाळपर्यंत अंगण हिरवंगार."

बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी वहिनींना प्लॅस्टिकची फुलं द्यायला सांगत होतो. "तिला हलकं काही देणार नाही मी," ते म्हणाले.

त्यांनी मागच्या अंगणात ठोंब लावले. ठोंब लावला की टाचेने दाबायचा असतो, म्हणजे मुळं माती धरतात. पण बुवांचे गुडघे कामातून गेलेले. ते बसल्याबसल्या सरकत, तळहातानेच हलके थापटत गेले. मग चारी बाजूंनी सुतळी बांधली आणि फर्मान काढलं: ठोंब एकमेकांना भेटेपर्यंत आत कुणाचा पाय पडता कामा नये.

वहिनी दारातल्या खुर्चीवरून विचारायच्या, "आज?"

"अजून नाही."

"लग्नालाही असंच थांबवून ठेवलं होतंत हो मला."

एकदा बुवा मैदानावरून घरी आले, तर वहिनींचे कपडे मातीने भरलेले.

"वाळत घातलेले कपडे काढताना तोल गेला," त्या म्हणाल्या.

"गवतात तर नाही ना गेलीस?"

"तुमचं गवत सुखरूप आहे. माझी चौकशी सवडीने करा."

वहिनी गेल्या, तेव्हा ठोंबांच्या मधे अजून मातीच दिसत होती. बुवांनी त्यानंतर अंगणात पाऊल टाकलं नाही. पाणी मीच कुंपणावरून पाइपने मारायचो, आणि निम्मं स्वतःच्याच अंगावर घ्यायचो.

काही महिन्यांनी त्यांनी मला कुंपणापाशी हाक मारली. "काय दिसतंय?"

"गवत," मी म्हटलं. या विषयातलं माझं ज्ञान तिथेच संपतं.

"नीट बघा."

बाकीचे ठोंब अजून एकेकटे, रुसल्यासारखे बसले होते. पण दारापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत एक अरुंद, वाकडा पट्टा मिळून आला होता, आणि बाजूच्या भिंतीच्या कडेकडेने दारापर्यंत परतही येत होता.

"इथले दाबले गेलेत," बुवा म्हणाले. "पायांनी. मी कामावर गेलो की चालायची ती."

माझ्या जिवाला बरं वाटलं. "म्हणजे वहिनींनी हौस भागवून घेतली तर. तुमचं ऐकलं नाही, बरंच झालं."

बुवांनी नकारार्थी मान हलवली. पट्ट्याच्या मधोमध हिरवळ रुंद झाली होती, माणूस बसेल एवढी. बुवांचं बोट तिकडे होतं.

"इथे पडली ती. उठून भिंतीपर्यंत कशी गेली असेल?" ते थांबले. एरवीही थांबायचे, पण आम्ही त्यावर हसायचो. "मला सांगितलं असतं, तर हात धरला असता."

मग त्यांनीच हळूच दुरुस्ती केली. "नाही. अजून नाही, म्हणालो असतो."

त्यांनी सुतळी सोडायला घेतली. गाठ पावसाने घट्ट झालेली. मी कात्री आणायला वळलो, तर नको म्हणाले, आणि नखांनी ती उकलत तिथेच बसून राहिले.