जमनाबाईंची डावी बाजू

पालघरच्या मासळीबाजारात जमनाबाईंशी घासाघीस करून कुणी जिंकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मी वर्षानुवर्षं हरत आलेय, तरी जाते त्यांच्याकडेच. मागच्या पावसाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय वाचले, डोळेही धड, पण मेंदूत कुठेतरी बिघडलं आणि डाव्या बाजूचं दिसेनासं झालं. तेव्हापासून सून सलोनी त्यांच्या उजवीकडे बसते.

त्या दिवशी मात्र ती डावीकडे बसली होती. मी काही विचारायच्या आत तिने डोळ्यांनीच मला दटावलं आणि हळूच मोबाइलवर आलेला निरोप पुढे केला. पहाटे समुद्रात जोराचा वारा सुटला होता. सातपाटीच्या सगळ्या बोटी परतल्या होत्या, तिच्या नवऱ्याची, धर्मेशची, तेवढी नाही. बाईंचा तो एकुलता एक मुलगा. बाईंना धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सलोनीला आवाज सांभाळता येत होता, चेहरा नव्हता. म्हणून तो तिने सासूला दिसत नाही त्या बाजूला नेला होता.

"हलवा कसा दिला?" मी समोरच्या माशाकडे बोट दाखवत उगाच विचारलं.

बाईंनी भाव सांगितला. मी सरळ निम्म्यावर आणला.

"न्या," त्या म्हणाल्या.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांच्या हातातला कोयता थरथरत होता, कपाळावर घाम फुटला होता. "सलोनी, मना उगाच भ्या वाटतं. काय झालंय का?"

"काय नाय, आई. उकडतंय ना, म्हणून."

आवाज अगदी नेहमीचा, चेहरा पांढराफटक. मान वळवू नका बाई, मी मनात घोकत होते. त्यांनी वळवली नाही, पण घाम काही थांबेना. पुढे डॉक्टरांनी मला समजावलं, की समोर काय आहे हे कळायची वाट बंद झाली, तरी दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती आडवाटेने मेंदूत पोचते आणि अंग घाबरतं, माणसाला मात्र कारण कळत नाही. तेव्हा हे ठाऊक असतं, तर मी सलोनीला हाताला धरून उठवलं असतं.

तिच्या मांडीवरचा मोबाइल उजळला. तिने वाचलं. तोंडावर हात गेला, मग हात खाली आला आणि ती भरल्या डोळ्यांनी हसली. अवाक्षर बोलली नाही.

बाईंचा कोयता स्थिर झाला. त्यांनी माझ्यापुढचा हलवा ओढून परत पाटीत टाकला.

"या भावात कोण देल तुमाला, ताई? सकाळी सकाळी थट्टा करता काय?"

मग सलोनीला कंठ फुटला. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या बोटीने ओढून शिरगावला आणलं, धर्मेश सुखरूप आहे, असं तिने एका दमात सांगितलं. बाईंनी कोयता खाली ठेवला.

"इकडं उजवीकडं ये," त्या म्हणाल्या. "पोराची आय हाय मी. रडायचं तं माझ्यासमोर रड."

मी हलव्याचा पुरा भाव दिला. हरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.