डिकीतलं पाणी आणि डेंटरकाकांची कबुली

पुलावरून खाली उतरणाऱ्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये डेंटरकाका तीस वर्षं गाड्यांचे पोचे काढतायत. हातोडीचे घाव ऐकून ऐकून कानांनी दगा दिला, पण ताठा शाबूत. "माझ्या हातचं काम गळत नाही," हे वाक्य ते लोकांच्या तोंडावर फेकत, आणि लोक मान्यही करत, कारण तसं काही उघडकीला आलं नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी सिस्टर त्यांच्या शेडसमोर गाडी आडवी लावून उतरली, ती भांडायच्या तयारीनंच. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन जखमा धुणं, पट्ट्या बदलणं हे तिचं काम. जुनी गाडी हाच तिचा दवाखाना. डिकीत कापूस, हातमोजे, ड्रेसिंगची बंद पाकिटं. आणि दोन महिन्यांपासून त्याच डिकीत पाणी. गाडी धुतली की पाणी, सर पडली की पाणी, स्टेपनीच्या खड्ड्यात तर मासे सोडावेत इतकं. दोन खोकी भिजून फेकावी लागली. ती ज्या संस्थेतर्फे घरोघरी जायची, तिथल्या बाईंनी आदल्या दिवशी बजावलं होतं की आता एक जरी ओलं पाकीट सापडलं तर तिची अकरा घरं दुसरीला देऊ. त्या अकरांत एक आजोबा होते. त्यांच्या पाठीची जखम तिनं पाच महिने राबून भरत आणली होती, बोटभर उरली होती.

तिचा राग काकांवरच का, तर दोन महिन्यांपूर्वी डिकीत पाणी दिसल्यावर ती पहिल्यांदा त्यांच्याकडेच आली होती. काकांनी डिकीला हातही लावला नव्हता. झाकणाचं रबर गेलं असेल, गॅरेजला जा, म्हणून वाटेला लावलं. गॅरेजवाल्यानं रबर बदललं, दुसऱ्यानं पुन्हा बदललं, पाणी आपलं हक्कानं येतच राहिलं.

आज उघडून बघितल्याशिवाय हलणार नाही, असं तिनं ठणकावलं. शेडमागच्या खोलीतून काकू बाहेर आल्या, दोघांकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बघा हो एकदा. नाहीतर ही जखमा पण तुम्हालाच करेल आणि पट्ट्या पण तुम्हालाच बांधेल."

काका उठले. एकदा उठले की मग मात्र त्यांचं काम बघण्यासारखं. डिकी रिकामी केली, गालिचा काढला, पत्रा फडक्यानं खडखडीत कोरडा केला. सिस्टरकडून अंगाला लावायच्या पावडरीचा डबा मागून सगळीकडे भुरभुरवली. पाणी शिरतं एकीकडून आणि साचतं भलतीकडे, पण पावडरीवरून गेलं की ओघळ लपत नाही, हे त्यांनी तिला समजावलं. आता आत बसून बघायला कोणीतरी हवं होतं. काकांचा गुडघा वाकेना.

"मी जाते," सिस्टर म्हणाली.

मागच्या सीटची पाठ पाडून काकांनी हवेची आणि बाहेर यायची वाट मोकळी ठेवली. सिस्टर टॉर्च घेऊन आत शिरली, मुटकुळं करून पडली, आणि झाकण बंद झालं. हाका त्यांना ऐकू जायच्या नाहीत, म्हणून खूण ठरली होती: पाणी दिसलं की पत्र्यावर जोरात दोन ठोके. काकांनी पाइप सुरू केला तो खालून. वरून ओतलं तर सगळंच भिजतं आणि चोर गर्दीत मिसळतो. आधी बंपरची कड, मग नंबरप्लेट, एकेका जागेला पाच-पाच मिनिटं.

तिसऱ्याच मिनिटाला सिस्टरचा जीव कातावला. मानेत कळ, नाकात पावडर. रोज ती रोग्यांना सांगते, हलू नका, दोनच मिनिटं. दोन मिनिटं केवढी असतात ते तिला त्या डिकीत कळलं.

मग डाव्या दिव्यामागं काहीतरी चमकलं. एक थेंब फुगला, सुटला, आणि पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ ओढत स्टेपनीकडे निघाला. तिनं दोन ठोके हाणले.

पाइप बंद झाला. दिव्याचे स्क्रू निघाल्याचा आवाज आला.

झाकण उघडलं तेव्हा काकांच्या तळहातावर दिव्यामागून काढलेली काळ्या रबराची एक पट्टी होती, भेगाळलेली. आत पडलेल्या बाईला काय दिसणार होतं? पट्टी गटारात टाकून गॅरेजवाल्याच्या नावानं बोंब मारली असती, तरी कोणाला पत्ता लागला नसता.

"ही सायकलच्या ट्यूबची आहे," काका म्हणाले. "मीच कापून लावलेली. सहा वर्षांपूर्वी तुमची गाडी कोणीतरी मागून ठोकली होती, तुम्हाला पेशंटकडे जायची घाई होती. म्हटलं आठ दिवस निघतील, मग नवी बसवू. तुम्ही विसरलात ते ठीक, मी विसरायला नको होतं. आणि दोन महिन्यांपूर्वी आलात तेव्हा न बघता घालवलं. चूक माझी आहे."

सिस्टरनं भांडणाचं सगळं पाठ करून आणलं होतं. ते तिनं तिथंच सोडून दिलं. पंधरा वर्षं तिनं दवाखाने पाहिले होते. तिथं मोठ्या खुर्चीतल्या माणसाची चूक जिना उतरत उतरत शेवटी फरशी पुसणाऱ्या बाईच्या गळ्यात पडते. इथं एका म्हाताऱ्यानं आपली चूक हातावर घेऊन दाखवली होती. तिचे डोळे भरून आले, आणि तिनं ते पावडरीवर ढकललं.

नवी पट्टी बसली. ती पुन्हा आत शिरली, काकांनी पुन्हा वीस मिनिटं पाणी मारलं. पावडर कोरडीठाक.

मग काकांनी स्वतःहून संस्थेच्या बाईंचा नंबर मागितला. फोनवर ते असे बोलले की अख्ख्या गल्लीनं ऐकलं: पाणी माझ्या कामातून शिरत होतं, सिस्टरकडे बोट दाखवायचं असेल तर आधी माझ्या शेडचा पत्ता लिहून घ्या. पलीकडून बराच वेळ कुरकुर झाली. शेवटी बाईंनी सिस्टरला फोन द्यायला सांगितलं आणि दुपारच्या आत नवी खोकी घेऊन जा म्हणाल्या.

तिनं काकांचे आभार मानले. ते वैतागले. चूक निस्तरली, त्यात आभार कसले?

"निस्तरणारे पुष्कळ भेटलेत, काका," ती म्हणाली. "मीच केली म्हणणारे तुम्ही पहिले."

काकूंनी तिच्या पाठीवरची पावडर झटकली. संस्थेतून नवी खोकी उचलून सिस्टर सगळ्यात आधी आजोबांकडे गेली.