टाका नसलेली जखम

गळ्याला पट्टी नाही, टाका नाही, हाताला सलाइन नाही. अशा माणसाला कोल्हापुरात कोणी आजारी मानत नाही. मी हॉस्पिटलमधून घरी आलो तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण आधी माझ्या गळ्याकडे बघायचा आणि काहीच दिसलं नाही की जरा नाराजीनेच खुर्चीत टेकायचा. शेजारचे निवृत्त मास्तर तर म्हणाले, "मग ऑपरेशन केलंच नाही? नुसत्या गोळ्यांवर सोडलं?" जणू काही मी स्वस्तात उरकून आलो होतो.

मी समजावून सांगायचो. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या ज्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात, त्यांतल्या उजव्या बाजूच्या वाहिनीला आतून चीर गेली आहे, अस्तर सुटलं आहे. तिथे रक्ताची गुठळी धरली आणि ती वर मेंदूत गेली, तर अर्धं अंग जाऊ शकतं. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घ्यायच्या, जड उचलायचं नाही आणि मानेला हिसका बसू द्यायचा नाही. चीर बहुतेक वेळा आपली आपण भरून येते. एवढं सगळं नीट ऐकून घेऊन पाहुणा विचारायचा, "तेलानं चोळून बघितलंय काय?"

पुढचा प्रश्न ठरलेला, हे झालं कसं? त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. कळंब्याकडून मोटारसायकलवर येताना खड्ड्यात आदळलो. हेच डॉक्टरांना सांगितलं, बायकोला सांगितलं, ऑफिसातही सांगितलं. कुणी शंका घेतली नाही. आमच्या रस्त्यांबद्दल खोटं बोलायला काही कसब लागत नाही.

खरी गोष्ट अशी की माझी मान माझ्या सासऱ्यांनी मोडून दिली होती. प्रेमाने.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते मुरगूडला असतात. तरुणपणी कुस्ती खेळले, नंतर शेती आणि म्हशी बघितल्या, आणि सगळं आयुष्य गावाच्या आखडलेल्या माना-पाठी फुकट मोकळ्या करून दिल्या. एका रविवारी मी बायकोसोबत तिकडे गेलो होतो. कॉम्प्युटरपुढे बसून मान धरली होती. बायको आत स्वयंपाकघरात होती. मामांनी मला बाहेरच्या सोप्यात खाली जमिनीवर बसवलं, एक तळवा हनुवटीला लावला, दुसरा डोक्यामागे, आणि म्हणाले, "सैल सोडा पावणं." कडकन् आवाज आला. खरं सांगायचं तर तेव्हा बरंही वाटलं. दोन-तीन दिवसांत डोक्याची उजवी बाजू ठणकायला लागली, उजवी पापणी खाली ओघळली, आणि बायकोने मला जवळजवळ ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं की मान कुणी मोडून दिली होती का. बायको शेजारी उभी होती. मी म्हणालो, खड्डा.

तेव्हा मला वाटलं, मी सासऱ्यांची अब्रू राखतोय. आता वाटतं, मला फक्त घरातली कटकट नको होती. मी आयुष्यभर याच एका गोष्टीला चांगुलपणा म्हणत आलोय.

आणि कटकट टळली का? मास्तरांनी गल्लीत फिरून महापालिकेला द्यायच्या अर्जावर सह्या गोळा केल्या. ऑफिसातल्या मित्राने मला दाखवायला एका भल्यामोठ्या खड्ड्याचा फोटो काढून आणला आणि विचारलं, "हाच ना?" मी हो म्हणालो. बातमी कळल्यावर मामा दुधाचा कॅन आणि गावठी अंडी घेऊन आमच्याकडे मुक्कामालाच आले. रोज चहाबरोबर ठेकेदाराचा उद्धार. मी एकटा सापडलो की खंत करायचे, "मी मोडून दिलीती तवा कशी हलकी झालती मान. त्या खड्ड्यानं वाट लावली बघा." आणि लगेच हात चोळत जवळ सरकायचे, एकदा बघू द्या, जाग्यावर बसवतो. मी उशी धरून भिंतीला पाठ लावून बसायचो. पन्नाशीला आलेला माणूस स्वतःच्या घरात सासऱ्यापासून मान लपवत फिरत होता. इतका वैताग मला आजाराचाही आला नाही.

मग एका सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो, तर बायको मामांपुढे पाटावर बसली होती. हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपून तिची मान धरली होती, हे ती मला बरेच दिवस सांगत होती आणि मी ऐकत नव्हतो. मामांचा तळवा तिच्या हनुवटीला लागला होता. "सैल सोड," ते म्हणाले.

"मामा, हात काढा," मी म्हणालो. "खड्डा नव्हता."

मामांनी हात काढला नाही, पण तो तसाच थांबला. मी उरलेलं सांगितलं. बायकोने स्वतःच वडिलांचा हात बाजूला केला, उठली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मामांनी पाट उचलून भिंतीला लावला.

"डाक्टरला ठावं हाय?"

"नाही."

"मंजे औषध चाललंय ते खोट्यावर. आनि मी हितं रोज तुमच्या मानंला हात लावाय बघतोय. जीव जास्त झाला व्हय तुमास्नी?"

त्यांनी मला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं आणि आपण होऊन सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, औषध तेच राहील. त्या हिसक्यानेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण शक्यता दाट आहे, आणि इथून पुढे कुणाचीही मान मोडू नका. मामा म्हणाले, आजवर कुणाला काय झालेलं न्हाय. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "झालं असतं तर तुम्हाला कुणी सांगितलं असतं? घरच्या जावयानं सांगितलं नाही."

मामा दुसऱ्या दिवशी मुरगूडला परत गेले. तेव्हापासून ते घरोघर फिरून, ज्यांच्या माना मोडून दिल्या त्यांना विचारत असतात. आणि रोज मला फोन. ह्याच्या हाताला मुंग्या येत्यात म्हणतोय, डाक्टरला विचारा. त्याला चक्कर येती, विचारा. बायको माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि हे फोन मात्र मीच घ्यायचे, असा तिचा हुकूम आहे.

काल त्यांनी खालच्या आळीतल्या एका जुन्या मित्राचं विचारलं. त्याचं डावं अंग गेलं होतं, तो आता हयात नाही. "त्येचीबी मान मीच मोडून देत हुतो. त्यानं तर झालं न्हाय न्हवं?"

नाही मामा, वय झालं होतं त्यांचं, हे वाक्य माझ्या जिभेवर आलेलं होतं. किती सोपं होतं ते.

"मला माहीत नाही, मामा," मी म्हणालो.

पलीकडे म्हैस ओरडत होती. "बरं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.