गव्हाणमधला उपवास

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. पनवेलमध्ये अजून मला व्याख्यानाला बोलावतात, आणि ज्या प्रसंगावर लोकांचे डोळे भरून येतात, तो मी दरवेळी निम्माच सांगतो. आज पुरा सांगतो.

एचआयव्ही घेऊन म्हातारी होणारी माणसं हा माझा अभ्यासाचा विषय. औषधांनी ती जगतात. पण घरात कशी जगतात, दवाखान्यात त्यांना कोण हात लावतं, हे मी आयुष्यभर तपासलं. काम चोख केलं — त्याबद्दल मला शंका नाही. एकत्र जेवल्याने हा आजार होत नाही, हे किती सभांतून सांगितलं असेल!

पनवेलजवळच्या गव्हाण गावात एक बाई होत्या. नाव सांगणार नाही. मी त्यांना मावशी म्हणायचो. नवरा याच आजाराने गेलेला, मावशी स्वतः गोळ्यांवर ठणठणीत. पण सुनेने त्यांचं ताट वेगळं ठेवलं होतं — मागे लाल रंगाचा ठिपका. नातवंडांना त्यांच्या हातचा घास बंद. एकदा भेटीला गेलो, तर मावशींनी मला जेवायला बसवलं. मुद्दाम, सुनेसमोर. तांदळाची भाकरी, जवळ्याचं कालवण.

“सायेब, तुमी माज्या हातचं खाल्लंत ना, मंग हिला पटल.”

किती मागत होत्या? दोन घास. आणि मी — मी म्हणालो, “आज माझा उपवास आहे.”

सून हसली. “मागल्या बुधवारी शेजारी बोंबील चालले, न् या बुधवारी उपास?”

“असल गो,” मावशी म्हणाल्या. “सायबांचं उपास काय तुला इचारून येतात?” आणि माझ्यासाठी वाढलेलं त्यांनी आपल्या ठिपक्याच्या ताटात ओतून घेतलं.

भीती वाटली म्हणू? धोका नाही, हे त्या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती किळस होती. भाकरी मोडणारी त्यांची बोटं पाहिली — आणि माझा हात पुढे झाला नाही.

ताट शेवटपर्यंत वेगळं राहिलं. व्याख्यानात मी त्या ताटाबद्दल बोलतो, सुनेच्या अडाणीपणाबद्दल बोलतो. पण त्या दुपारी सुनेला जे पटलं, ते मी पटवलं होतं.

उपवास नव्हता. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं, कालवणाचा वास घरभर होता, आणि मला भूक लागली होती.